डावीकडचा तिसरा बाक

त्या रविवारी चर्चला जाण्यात आयुष साळवेला मिळण्यासारखं होतं ते एवढंच – सुलाआत्याच्या हातचं मटण, आणि 'देवाला विसरलास का रे?' ह्या प्रश्नापासून नाताळापर्यंत सुटका. जाणार होती ती रविवारची झोप. आयुष लिफ्टचा मेकॅनिक. आठवड्याचे सहा दिवस नाशिककरांना वर नेणारा हा माणूस सातव्या दिवशी स्वतः अंथरुणातून वर येत नसे. पण मटण म्हणजे मटण. व्यवहार तोट्याचा नव्हता. तो आला.

आत्याने फोनवर, त्याचं काही ऐकून न घेता, सगळं नीट समजावलं होतं. "शरणपूर रोडवरून आत वळ. आत शिरलास की डाव्या हाताला, पुढून तिसरा बाक, मधल्या वाटेच्या कडेची जागा. ती माझी. तू बस तिथं, मी मागून आलेच."

उपकारस्तुतीचा रविवार होता. वेदीसमोर लोकांनी वर्षभराचं देणं मांडून ठेवलेलं – भोपळे, केळीचा घड, सटाण्याकडची आगाप द्राक्षं, आणि आयुषच्या घरून आलेली लाल कांद्याची गोणी. फुलांच्या वासावर कांद्याचा वास चढलेला. आयुष तिसऱ्या बाकापाशी आला, तर कडेच्या जागेवर एक पर्स आणि पर्सच्या पलीकडे मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी. तो काही बोलायच्या आतच तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. तो बसला. प्रार्थना सुरू झाली.

"तुम्ही..." मिटल्या डोळ्यांनीच ती कुजबुजली, "बायकांच्या बाजूला बसलाय."

"बायकांची बाजू असते?"

"डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. शंभर वर्षं झाली."

"कुठे लिहिलेलं दिसलं नाही."

"लिहिलं असतं तर कोणीतरी खोडलं असतं."

"मग उठू?"

"आता नको. आता उठलात तर सगळं चर्च डोळे उघडून बघेल."

"सगळ्यांचे डोळे मिटलेत ना? मग मी बसलोय ते तुम्हाला कसं दिसलं?"

 मग पिवळ्या कुर्त्यातून हुकूम आला – "आमेन म्हणा."

गाणं सुरू झालं तेव्हा तिने आपलं पुस्तक अर्धं त्याच्याकडे सरकवलं. दुसऱ्या कडव्याला परत ओढून घेतलं.

"तुम्ही नुसतं वाचा. गाऊ नका."

"देवाला चालतं म्हणे कसंही गायलेलं."

"देव लांब आहे. मी शेजारी आहे."

तिचं नाव तेजल पगारे. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. हे त्याला नंतर, कांदे वाटताना कळलं. सुलाबाई त्या दिवशी आल्याच नाहीत पुढे. अगदी शेवटच्या बाकावर, दारातल्या वाऱ्यात बसून राहिल्या. निवृत्त मेट्रन, अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. त्या शेवटच्या बाकावर बसल्या हे कोणाच्या लक्षात आलं नाही. अशा गोष्टी लक्षात येत नाहीत, म्हणून तर त्या स्वस्तात होऊन जातात.

पुढच्या रविवारी आत्या सटाण्याला गेली होती. मटण नाही, कोणी विचारणारं नाही, झोपेला पूर्ण मोकळीक. तरी साडेआठला आयुष इस्त्रीच्या शर्टात चर्चच्या पायरीवर हजर. इथे आमचा हिशेब पहिल्यांदा चुकला.

ह्या वेळी तो मुकाट्याने उजवीकडे बसला – तिसरा बाक, कडेची जागा. मधल्या वाटेपलीकडे तेजल. चार फुटांचं अंतर. त्याने भुवया उंचावून विचारलं, कितवं गाणं? तिने मांडीवरच बोटं दाखवली – एक... मग चार... मग थांबून सात. सातासाठी दोन्ही हात लागतात. सात दाखवताना ती हसली, आणि तिथून पुढे आयुषला सात आकडा असलेली गाणी आवडू लागली.

सुलाबाई सटाण्याहून परतल्या, पण कडेच्या जागेवर परतल्या नाहीत. तेजल उठून जागा द्यायला लागली तर म्हणाल्या, "राहू दे गं. मला दाराजवळ बरं वाटतं. दम लागतो आताशा." सुलाबाईंना दम लागलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. पण वय झालं, म्हणून सगळ्यांनी मान हलवली.

नव्या वर्षात तरुण संघाने वादसभा ठेवली. विषय पाळकसाहेबांनीच दिला – तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाने मिळतं? देवाने माणसाला आधीच निवडलेलं असतं, की माणूस आपल्या इच्छेने देवाला निवडतो? पाचशे वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नावरून युरोपातल्या भल्याभल्यांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं. आमच्याकडे पेरू कापून ठेवले होते, त्यामुळे वातावरण बरं होतं.

बोलणारे दोघे चिठ्ठ्या टाकून ठरायचे. स्टीलचे दोन डबे घेऊन सुलाबाई स्वतः उभ्या. मुलींच्या डब्यातून निघालं तेजलचं नाव. मुलांच्या डब्यातून आयुषचं. सुलाबाईंनी डबे लगेच पिशवीत टाकले.

"कुठली बाजू घेतेस?" पाळकसाहेबांनी तेजलला विचारलं.

"माणसाच्या इच्छेची," ती म्हणाली. विचार करायला थांबलीही नाही.

आयुष उठला. "उरलेली बाजू माझी. बघा मंडळी, माझं नाव मी टाकलं नव्हतं. चिठ्ठी मी उचलली नाही. बाजूही मी घेतली नाही. माझा पहिला मुद्दा न बोलताच सिद्ध झाला."

पोरं हसली. तेजल हसली नाही.

"लिफ्टमध्ये बटण तुम्ही दाबता," तो पुढे म्हणाला. "वाटतं, मीच चाललोय वर. पण दोर कोणी बांधला? कुठल्या मजल्यापर्यंत जायचं ते कोणी ठरवलं? तुमच्या जन्माआधी कोणीतरी खड्डा खणून ठेवलाय. आणि खरं सांगू, तेच बरंय. माझं तारण माझ्या हातात असतं, तर मी ते कधीच कुठेतरी विसरून आलो असतो."

"आणि ज्यांच्या इमारतीत लिफ्टच बसवली नाही त्यांनी काय करायचं?" तेजल ताडकन म्हणाली. "देवाने त्यांना निवडलंच नाही? मग न्यायाच्या दिवशी विचारणार काय त्यांना? माझ्याकडे लकव्याचे पेशंट येतात. मी कितीही मेहनत घेतली, तरी त्या माणसाने स्वतः ठरवल्याशिवाय पाय उचलला जात नाही. देव दार ठोकतो, फोडत नाही. हो म्हणायचं की नाही, ते माझ्याकडे. माझं 'हो' माझं नसेल... तर ते 'हो'च नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्तच जोरात आलं. पेरू खाणारे थांबले. पाळकसाहेबांनी निकाल दिला नाही. दोन्ही बाजूंना टाळ्या द्या म्हणाले. पाळक अशाने टिकतात.

त्या शेवटच्या वाक्यामागचं आयुषला आठवडाभराने कळलं. कॉलेज रोडला मिसळ खाताना – तर्रीने त्याचे डोळे पाणावलेले, ती आरामात खातेय.

"दोन वर्षांपूर्वी माझं जमलं होतं," ती म्हणाली. "पुण्याचा मुलगा. पप्पा म्हणाले देवाची योजना आहे, मावशी म्हणाली देवाची योजना आहे. मला तो आवडला की नाही, हे मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही. हो म्हटलं. साखरपुडा झाला. चार महिन्यांनी त्याने मोडलं... आणि तेव्हाही सगळे म्हणाले, देवाची योजना."

आयुषने पाव खाली ठेवला.

"तेव्हापासून ठरवलंय. ह्यापुढे 'हो' किंवा 'नाही', जे काय असेल ते माझं. चुकलं तरी माझं."

"आणि... कोणी विचारलं तर?"

"कोणी विचारलंय का अजून?"

"पुढच्या रविवारी," तो तर्रीकडे बघत म्हणाला. "उपासनेनंतर. इथे नको, इथे मी रडतोय असं वाटेल."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत सूचना वाचतात – अमका आणि अमकी ह्यांचा विवाह व्हायचा आहे, कोणाची हरकत असल्यास सांगावी. लेंटच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. म्हणजे ज्याला त्याआधी उरकायचं त्याने सूचना वेळेत द्यायची. आणि आमचे सचिव झुंबरभाऊ हा फार सरळ माणूस. त्यांच्या हिरव्या फाइलीत जो कागद असेल तो ते वाचतात. मागे एकदा त्यांनी त्यातली गॅसची पावतीसुद्धा वाचली होती.

तर पुढचा रविवार आला. आयुषने दाढी दोनदा केलेली. तेजल त्याच पिवळ्या कुर्त्यात. उपदेश संपला, झुंबरभाऊंनी फाइल उघडली.

"सूचना पहिली. बुधवारची प्रार्थना भालेरावांच्या घरी. सूचना दुसरी. चिरंजीव आयुष साळवे आणि कुमारी तेजल पगारे ह्यांचा विवाह व्हायचा आहे. ही पहिली वेळ. कोणाची हरकत असल्यास—"

चर्चमध्ये इतकी शांतता उपदेशालाही कधी नसते. आयुषचा चेहरा पांढराफटक. तेजल उभी राहिली.

"माझी हरकत आहे."

झुंबरभाऊंनी चष्मा वर केला. "कारण सांगावं लागेल, ताई."

"नवऱ्या मुलीला विचारलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नवरी मुलगी मीच आहे, भाऊ."

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. तेजलच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. पर्स उचलून ती मधल्या वाटेने सरळ बाहेर गेली. तिच्या मागे आयुष, आणि धापा न टाकता सुलाबाई.

आवारातल्या चिंचेखाली आत्याने सगळं कबूल केलं. रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तसं, एकेक करून, काही न लपवता.

"कागद मी दिला. नुसता ठेवा म्हटलं होतं झुंबरला, लेंट तोंडावर आला म्हणून. तुमचं ठरल्यावर वाचा म्हटलं होतं. त्याने वाचून टाकला."

"आमचं ठरणारच होतं, हे कोणी ठरवलं?"

"मी." सुलाबाईंनी नजर खाली केली नाही. "पहिल्या दिवशी ह्याला डावीकडं मीच बसवला. बायकांची बाजू आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. आणि त्या चिठ्ठ्या..."

"चिठ्ठ्यापण?"

"पोरांच्या डब्यात बारा होत्या. बाराही आयुषच."

"आत्या!" आयुष ओरडला.

"आणि मुलींच्या?" तेजलने विचारलं.

"अकरा तुझ्या. एक पायलची टाकली होती. अगदीच खोटं नको. एक चिठ्ठी देवाला मोकळी ठेवली."

दुसरी कुठली वेळ असती तर तेजल खो खो हसली असती.

"म्हणजे माझं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "बाक तुमचा, चिठ्ठी तुमची, कागद तुमचा. परत तेच. परत सगळ्यांनी ठरवलं आणि मी नुसती तिथे बसले होते." आणि आयुषकडे वळून, "तुला माहीत होतं?"

"देवाशप्पथ नाही."

"मग ऐक. हरकत मी मागे घेत नाही."

पाळकसाहेबांनी निरोप दिला – पुढच्या रविवारपर्यंत हरकत राहिली तर कागद परत. म्हणजे आयुषपाशी एक आठवडा होता, आणि त्याने त्यातले तीन दिवस काहीही न करण्यात घालवले. फोन केला नाही. ती विचारात असताना बटण दाबत बसायचं नाही, एवढं त्याला कळत होतं.

गुरुवारी तेजलच्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली.

दुसऱ्या मजल्यावर तेजल भागीबाईंना उभं करत होती. देवळ्याच्या म्हातारबाई, उजव्या अंगावरून वारं गेलेलं, दीड महिना खाटेवर. तेजलने एक हात त्यांच्या कमरेला लावला, दुसऱ्याने गुडघा धरला.

"उचला आजी. मी धरलंय."

"पडले तं?"

"मी धरलंय म्हटलं ना."

पाय हलला. वीतभर. मग टेकला. पुन्हा एक.

"म्या चालले!" भागीबाई ओरडल्या. "ओ डाक्टर, बघा, माझी मी चालले! लय दिवसांनी!"

"तुमच्या तुम्ही चाललात, आजी," तेजल म्हणाली.

दारात हसण्याचा आवाज आला. आयुष उभा होता, कोपरापर्यंत ग्रीस.

"लिफ्टपण आत्यांनीच बिघडवली का?" तिने विचारलं.

"विचारलं मी. आईशप्पथ नाही म्हणाली." तो आत आला नाही. "एक बोलू? वाद नाही घालत."

"बोल."

"पहिल्या रविवारी मला आत्याने बसवलं. मान्य. पण दुसऱ्या रविवारी आत्या सटाण्याला होती. मला कोणी उठवलं नाही, कोणी सांगितलं नाही. मी आपला आलो. का आलो ते मलाही माहीत नाही. मी आलो, की मला आणलं... तिथे माझी बुद्धी थांबते. एवढंच कळतं, की आलो ह्याचा आनंद झाला. आणि आनंद झाला की माणूस बढाई मारत नाही, आभार मानतो. माझी बाजू तेवढीच होती."

 भागीबाईंच्या गुडघ्यावरचा तेजलचा हात तसाच होता.

"आणि तुला विचारायचं राहिलंय, ते मी आता विचारत नाही," तो म्हणाला. "तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणायचं असेल तर तेही तुझंच. लिफ्ट सुरू झाली आहे."

तो गेला. भागीबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"पोरगं बरं दिसतंय."

"चाला आजी."

"म्या तं चालतेच. तुझं काय अडलंय?"

रात्रभर तिला त्या वीतभर पावलाचं कोडं सुटेना. पाऊल भागीबाईंचं की तिचं? तिने धरलं नसतं तर ते पडलं नसतं. भागीबाईंनी उचललं नसतं तर धरून काही उपयोग नव्हता. पण 'मी चालले' म्हणायचा हक्क पूर्णच्या पूर्ण भागीबाईंचा होता. तेजलला त्यात आपला वाटा मागावासाही वाटला नव्हता. उलट म्हातारी ओरडली तेव्हा आनंद तिलाच जास्त झाला होता. आणि मग तिला आठवली ती पर्स. त्या पहिल्या रविवारी सुलाआत्यांनी बाक ठरवला, माणूस ठरवला. पण त्याने तोंड उघडायच्या आत पर्स उचलली होती ती तिने. कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी ती मुद्दाम उशिरा गेली आणि शेवटच्या बाकावर, सुलाबाईंपासून जरा लांब बसली. रागावलेली आहे हे दिसावं एवढाच हेतू. पण तिथून तिला दुसरंच दिसलं.

गाणं सुरू झालं. सगळे उठले. सुलाबाई एका क्षणाने उशिरा उठल्या – शेजारणीला उठलेलं पाहून. प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. सुलाबाईंचं आमेन मागून आलं, एकटं. उपदेशाच्या वेळी त्या मान पुढे काढून, डोळे बारीक करून पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग थकून हातांकडे बघत बसल्या.

तेजल सरकून जवळ आली. त्यांच्या पाठीमागे, कानाजवळ, हळूच म्हणाली, "आत्या." काही नाही. मग समोर येऊन, ओठ नीट हलवत – "आत्या, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"इथून नाही येत गं," सुलाबाई म्हणाल्या. आवाज बेताचा ठेवणं त्यांना जमलं नाही. अर्ध्या चर्चने ऐकलं. "तिसऱ्या बाकावरून साहेबांचे ओठ दिसतात. भागतं."

"मग इथे का बसता?"

"कडेला मी बसले तर मधे माझंच अंग येतं. त्याला तू कशी दिसणार?"

चार महिने. तेजलने मनात मोजलं – नाताळ, नवीन वर्ष, सगळे रविवार. एकतीस वर्षं ज्या बाईने एक उपदेश चुकवला नव्हता, ती चार महिने दारातल्या वाऱ्यात बसून एक अक्षर न ऐकता आमेन म्हणत होती.

पुढे झुंबरभाऊंनी फाइल उघडली. ह्या वेळी त्यांनी कागद आधी मनात वाचून घेतला. "सूचना तिसरी. गेल्या रविवारी आलेली हरकत... ताई, हरकत आहे का अजून?"

तेजल उभी राहिली. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत सगळ्या माना वळल्या. आयुषने मात्र वळून पाहिलं नाही. तो समोर बघत होता, दोन्ही हात घट्ट धरून.

"हरकत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी आधीच ठरवलं म्हणजे माझ्याकडून काढून घेतलं. आज कळलं, कोणीतरी स्वतःची जागा सोडून मला बसायला दिली होती. बसले मात्र मी. माझी मी." तिने श्वास घेतला. "हरकत मी मागे घेते. आणि साक्ष देते, की मला उपकार मानायचे आहेत. पण भाऊ, अजून मला कोणी विचारलेलं नाही."

आयुष उठला. मधल्या वाटेत आला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"तेजल, करशील लग्न माझ्याशी?"

"हो," ती म्हणाली. "आणि हे माझं आहे."

"सूचना पहिली वेळ धरायची की दुसरी?" झुंबरभाऊंनी विचारलं. पाळकसाहेबांनी त्यांना हलकेच खाली बसवलं.

तेजलने सुलाबाईंचा हात धरला, मधल्या वाटेने पुढे नेलं आणि डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, कडेला बसवलं. स्वतः आतल्या बाजूला सरकली. आयुष पलीकडे आपल्या जागी गेला. आता त्याला मधे फक्त आत्या दिसत होती, भरभक्कम, आणि तिच्यामागून पिवळ्या कुर्त्याची जेमतेम एक बाही. तेवढ्यात त्या बाहीतून हात पुढे आला. एक... चार... आणि सात.

जमाखर्च एवढाच. आयुषला तेजल मिळाली, तेजलला तिचं 'हो' मिळालं, झुंबरभाऊंना पुढची दहा वर्षं सांगायला गोष्ट मिळाली. ह्यातल्या कोणालाच काही द्यावं लागलं नाही. दिलं ते एकट्या सुलाबाईंनी, चार महिन्यांचे उपदेश. आणि पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर, साहेबांचे ओठ पुन्हा मन भरून वाचून झाल्यावर, त्या तेजलकडे वळून म्हणाल्या, "काही चुकलं नाही गं माझं. साहेबांचा उपदेश अजून कृपेवरच आहे."